मुंबईच्या दोन धावपट्ट्या

मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणजे कामाला एका वेळी एकच. मुख्य पट्टीच्या पूर्व टोकावर २७ हा आकडा रंगवलेला असतो: इथून पुढची दिशा होकायंत्रावर साधारण २७० अंश, थेट पश्चिम. पावसाळी वाराही तिकडूनच येतो. वाऱ्याला सामोरं उतरलं की जमिनीवरचा वेग कमी राहतो, म्हणून विमानं घाटकोपरवरून येतात आणि उडताना जुहूच्या समुद्राकडे जातात. खरी धास्ती पाण्याची. चाकांखाली थर साचला की ब्रेक धरत नाहीत. टेकता टेकता वैमानिक विमान परत वर उचलतो ते कधी कधी यामुळेच. प्रवासी उगाच वैतागतात. १ जुलै २०१९च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान पट्टीपलीकडे चिखलात गेलं. मुख्य पट्टी काही दिवस बंद, सगळा भार आखूड पट्टीवर.