बिनतारी संदेशांतील व्यत्यय व अँटेनाची निवड

२०२४ सालीं परीक्षेचे अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशीं, सायंकाळीं सातच्या सुमारास, आपल्या वसतिगृहांतील संगणक एकाएकीं मुके झाले. शाळेपासून वसतिगृहापर्यंतच्या ४०० मीटर अंतरावर आपण तारेवांचून माहिती धाडतों. यंत्रावरील खूण पाहावी तर लहरी भरपूर. अर्ज मात्र जाईनात. शेवटीं मुलें अंधारांत मैदान ओलांडून शाळेंत आलीं आणि रात्रीं अकरापर्यंत आम्ही अर्ज भरीत बसलों. लहरी असतां निरोप कां पोंचूं नये, असें पुष्कळ पालकांनीं विचारिलें, म्हणून हा लेख.

लहर नुसती जोराची असून भागत नाहीं; ती भोंवतालच्या गोंगाटाहून पुरेशी जोराची असावी लागते. आठवड्याच्या बाजारांत शेजारचा मनुष्य मोठ्यानें बोलला तरी शब्द कळत नाहीं, आणि जो तो ओरडूं लागला कीं बाजाराचा कल्लोळ तेवढा वाढतो. यास्तव अधिक शक्तीचें यंत्र घेण्याचा एका दुकानदाराचा सल्ला मला पटला नाहीं.

आपलें यंत्र २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतें. तेथील मार्गिका ५ मेगाहर्ट्झच्या अंतरानें आंखलेल्या आहेत, परंतु प्रत्येक प्रक्षेपण सुमारें २० मेगाहर्ट्झ जागा व्यापितें. म्हणून १, ६ व ११ या तीन मार्गिकाच एकमेकींस न शिवतां शेजारीं नांदतात. एकाच मार्गिकेवरील यंत्रें परस्परांचें ऐकून पाळीपाळीनें बोलतात. वेग घटतो, पण काम चालतें. मधली मार्गिका घेणारा मात्र दोन्हीकडील शेजाऱ्यांस केवळ गोंगाट वाटतो, व ते त्यास! आपलें यंत्र नेमकें ३ वर होतें, आणि सायंकाळीं घरोघरचीं यंत्रें सुरू होत.

मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यांत गुणगुणते. ऑस्ट्रेलियांतील पार्क्सच्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीस कित्येक वर्षें कांहीं गूढ स्पंद ऐकूं येत. २०१५ सालीं उलगडा झाला: भट्टी थांबण्यापूर्वींच कोणी तिचें दार उघडलें कीं तो स्पंद उमटे. मोठमोठे ज्योतिषी फसले, तेथें आमची काय कथा!

आतां अँटेना. काठीसारखी उभी अँटेना चहूंकडे बोलते आणि चहूंकडचें ऐकते. वर्गांतून हिंडणाऱ्या यंत्रांस ती योग्य. दोन ठराविक ठिकाणें जोडण्यास मात्र नव्हे, कारण सगळ्या गांवाचा गोंगाट ती निष्कारण गोळा करिते. कानामागें तळहात धरिला कीं समोरचें अधिक ऐकूं येतें व बाजूचें कमी. दिशादर्शी अँटेनाचें कार्य तसेंच. ती नवी शक्ति निर्माण करीत नाहीं, आहे ती एका बाजूस वळविते. जपानांत १९२६ च्या सुमारास शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनीं पुढें आणिलेली अनेक दांड्यांची अँटेना या जातीची. पूर्वीं दूरदर्शन संचासाठीं ती छपरोछपरीं दिसे. दोन्ही टोकांच्या दांड्यांचा कल एकच हवा. शेजाऱ्यांच्या काठ्या बहुधा उभ्या असतात, म्हणून आम्हीं आपल्या दोन्ही अँटेना आडव्या बसविल्या. त्यानें परका आवाज आणखी मंदावला.

दुसरें टोक डोळ्यांस दिसलें म्हणजे मार्ग मोकळा, असें मात्र समजूं नये. लहरीस मध्यें फुगलेली वाट लागते. आपल्या अंतरास त्या वाटेची त्रिज्या मध्यावर सुमारें साडेतीन मीटर येते, व तिचे निदान सहा दशांश मोकळे असावे लागतात. मैदानांतील चिंचेचीं ओलीं पानें लहरी शोषून घेत. झाड तोडण्याची सूचना आली होती. आम्हीं खांब उंच केला. बारीक तारही या कंपनसंख्येस मीटरामागें सुमारें एक डेसिबेल गिळते, म्हणजे तीन मीटरांत निम्मी शक्ति गेली. म्हणून यंत्रच खांबावर, अँटेनाजवळ नेलें.

मार्गिका ११ वर वर्दळ कमी आढळली, ती घेतली. २०२५ चे सर्व अर्ज वसतिगृहांतूनच गेले. चिंच मात्र वाढते आहे. दर पावसाळ्यानंतर खांबावर चढून पाहावें लागेल.