बटण फिरवलं आणि दिवा गेला

माझा आवाज नीट यावा म्हणून आत्ता कुणी रेडिओचं बटण फिरवलं असेल, तर आजचा विषय तुमच्या हातात आलाच. जुन्या रेडिओच्या त्या बटणामागे जो भाग असतो, त्याला पोटेन्शिओमीटर म्हणतात. दुकानात नुसतं 'पॉट' म्हटलं तरी देतात.

आपल्या हमरापुरात गणपतीच्या कारखान्यांत आखणीची घाई आणि घरात मुलांची मखराची घाई, हे दरवर्षीचंच. मागच्या वर्षी माझी भाची वहीत सर्किटची आकृती काढून घेऊन आली. ९ व्होल्टची बॅटरी, मखरात एक लाल एलईडी, आणि बटण फिरवलं की उजेड कमी-जास्त. आकृतीत दोन नागमोडी रेषा होत्या. एकीच्या बाजूला ४७०. दुसरीवर बाण, आणि बाजूला १०के. "मावशी, दोन्ही आणायचे?" मी म्हटलं, "अगं, दोन्ही रोधकच ना? बाणवाला तेवढा आण."

चतुर्थीच्या आदल्या रात्री तिने बटण टोकापर्यंत फिरवलं. एलईडी एकदा लख्ख पेटला आणि गेला तो गेलाच. पोर रडवेली झाली. चूक माझी होती.

नागमोडी रेषा म्हणजे रोधक, विजेच्या वाटेतला अडथळा. काही आकृत्यांत तिच्या जागी साधा लांबट चौकोन असतो, अर्थ तोच. कारखान्यात कॉम्प्रेसरचा दाब तोच असतो, पण स्प्रे गनचा स्क्रू आवळला की रंग कमी येतो ना? तसंच. लाल एलईडी स्वतःपुरते साधारण २ व्होल्ट घेतो. नवातले उरले ७. सातला ४७०ने भागा : ०.०१५ अँपिअर, म्हणजे १५ मिलिअँपिअर. छोट्या एलईडीला २० पर्यंत चालतं. हा भागाकार म्हणजेच ओहमचा नियम. जर्मनीच्या गेओर्ग ओहमने तो १८२७ साली पुस्तकात मांडला.

आता बाणवाला. पॉटला तीन पाय असतात. कडेच्या दोन पायांमध्ये काजळीसारखा काळा पट्टा, त्याचा रोध कायम १०के, म्हणजे १०,००० ओहम. मधला पाय त्या पट्ट्यावर सरकणाऱ्या पत्रीला जोडलेला असतो. आकृतीतला बाण म्हणजे ही पत्री. आपण मधला आणि कडेचा एक, असे दोन पाय जोडतो. एका टोकाला सगळे दहा हजार वाटेत येतात, दिवा अगदी मिणमिणता. दुसऱ्या टोकाला रोध जवळजवळ शून्य. तिथे एलईडीला सांभाळायला ते ४७०च उरतात, आणि आम्ही नेमके तेच गाळले होते. रोधक एलईडीच्या आधी लावा की नंतर, फरक पडत नाही; वाट एकच हवी.

रोधकावर आकडा छापलेला नसतो, रंगाचे पट्टे असतात. ४७० म्हणजे पिवळा, जांभळा, तपकिरी. शेवटचा सोनेरी पट्टा सांगतो की आकडा ५ टक्के इकडेतिकडे असू शकतो. रंग ओळखायला हमरापूरच्या बायकांना कोण शिकवणार! तरी रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली तपकिरी आणि लाल सारखे दिसतात. तिसरा पट्टा लाल असेल तर ते ४,७०० झाले. आकृतीत ते ४के७ असं लिहितात; 'के' दशांशचिन्हाच्या जागी बसतो. असा रोधक लागला तर काही जळत नाही, पण उजेड फिका पडतो आणि आपण उगाच बॅटरीला दोष देतो.

आणि हो, हे सगळं बॅटरीवरचं. पंख्याचा रेग्युलेटरही फिरवायचाच असतो, म्हणून त्याच्या जागी हा पॉट बसवायला जाऊ नका. भिंतीत २३० व्होल्ट असतात. तिथे पॉट तर जळेलच, आणि झटका बसला तर जिवावर बेतेल. ते काम वायरमनचं.