शौच-तपासणी : लाज कशाची?

पोटाच्या तक्रारीसाठी आलेल्या रुग्णाला रक्त तपासायला सांगितले, की तो निमूटपणे बाही वर करतो. लघवीचेही कुणाला फारसे वाटत नाही. पण "उद्या सकाळची संडास तपासायची आहे" असे म्हटले, की समोरचा माणूस जमिनीकडे पाहू लागतो. "त्यापेक्षा डॉक्टर, जंताची गोळीच लिहून द्या ना!" हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, त्याची गणती नाही.

काही वर्षांपूर्वी एका शेतकरी कुटुंबातील बाई आल्या. वय चाळिशीच्या आत. भातलावणीला उभे राहवत नाही, चार पायऱ्या चढले की धाप लागते. पापणी खाली ओढून पाहिली, तर आतून पांढरीफटक. हिमोग्लोबिन ६.२. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि शौच-तपासणी लिहून दिली. रिपोर्ट आला, "जंत अथवा अंडी आढळली नाहीत." मीही तो प्रमाण मानला. चार महिने झाले तरी हिमोग्लोबिन आठाच्या वर सरकेना. शेवटी खोदून विचारले, तेव्हा पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "घरात सासूबाई, दीर... त्यांच्यासमोरून डबी घेऊन कशी जाऊ? धाकट्याचीच भरून दिली."

रिपोर्ट खरा होता. फक्त तो दीड वर्षाच्या मुलाचा होता! चूक बाईंची म्हणावी, तर डबी कशी भरायची, हे मी तरी कुठे समजावून सांगितले होते?

त्यांच्या स्वतःच्या नमुन्यात अंकुशकृमीची अंडी निघाली. हा किडा जेमतेम एक सेंटीमीटर लांबीचा. उघड्यावरच्या शौचामुळे दूषित झालेल्या ओलसर मातीत त्याच्या अळ्या वाढतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. आतड्याला चिकटून तो रोज थेंब-दोन थेंब रक्त पितो. पण असे किडे शेकड्यांनी असले, तर लोहाच्या गोळ्या किती पुरणार? २०१५ पासून शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मिळते. ती १ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. यांच्या थोरल्या मुलांनी ती घेतली होती, चिखलात राबणारी आई मात्र राहून गेली.

आता डबी भरण्याविषयी. पूर्वी लोक काडेपेटीतून नमुना आणत. आता लॅबमध्ये रुंद तोंडाची, झाकणाची डबी मिळते. संडासात जुने वर्तमानपत्र पसरावे (हेच चालेल, माझा लेख वाचून झाल्यावर!) आणि त्यावरचा सुपारीएवढा भाग डबीतल्या चमच्याने घ्यावा. आव किंवा रक्त असेल, तर नेमका तोच भाग घ्यावा. पाणी किंवा लघवी मिसळू देऊ नये. त्याने अमिबा मरतो. शौच पातळ असेल, तर अर्ध्या तासात लॅबमध्ये पोचलेले बरे, कारण हालचाल करणारा अमिबा बाहेर फार काळ तग धरत नाही. पहाटे भरलेली डबी दुपारच्या एस.टी.ने आणली, तर तो हाती लागणे कठीण. शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वीच नमुना द्यावा. आधीच घेत असाल, तर लपवू नका.

एकदा "काही नाही" आले, म्हणजे पोट स्वच्छ असे समजू नये. अंडी आणि जंतू रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. जिआर्डिया तर हमखास लपंडाव खेळतो. म्हणून शंका असल्यास दहा दिवसांच्या आत, एकेक दिवस आड करून तीन नमुने द्यावे लागतात. डॉक्टर लॅबचे बिल वाढवतात, असे यावर कुणी म्हणते. पण चुकीचे औषध महिनोन्‌महिने घेण्यापेक्षा ते स्वस्त पडते. लहान मुलांना रात्री गुदद्वाराशी खाज येते, ते सुतासारखे जंत मात्र या तपासणीत क्वचितच दिसतात. त्यांच्यासाठी सकाळी अंघोळीपूर्वी त्या जागी चिकटपट्टी लावून ती काचेवर तपासतात.

उलट प्रकारही आहे. "मला दहा वर्षांपासून अमिबा आहे" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. रोग करणाऱ्या अमिबासारखाच दिसणारा एक निरुपद्रवी भाऊबंद आहे. त्यांची पुटी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखता येत नाही. तेव्हा त्रास नसताना केवळ कागदावर "सिस्ट" लिहिले, म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत.

१६८१ साली हॉलंडमधील लीवेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतःला जुलाब झाले असता स्वतःचेच शौच भिंगाखाली पाहिले. त्याला दिसलेले वळवळणारे जीव जिआर्डियाच असावेत, असे मानतात. त्या गृहस्थाला लाज वाटली नाही.

आमच्या बाईंना जंतनाशक दिले, लोह चालू ठेवले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन अकरा झाले. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून हळूच एक डबी काढून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "सासूबाईंची आहे. त्यांनीच पाठवलीय."