बुद्ध्यंक आणि भाग्यांक

एकाच घरांतील दोन चुलतभावांचे बुद्ध्यंक काढले, कीं एक ‘हुशार’ व दुसरा ‘मंद’ ठरतो. मग घर पुण्यांत असो वा पोलादपुरांत! ही कसोटी १९०५ सालीं फ्रान्सांत बिने यांनीं रचली ती शाळेंत मागें पडणाऱ्या मुलांना साह्य मिळावें म्हणून; कुंडली मांडण्यासाठीं नव्हे. शालेय यशाचा अंदाज तिनें बराच बांधतां येतो, संसारांतील यशाचा मात्र कमी. अमेरिकेंत टर्मन यांनीं १९२१ पासून तल्लख मुलें निवडलीं. त्या निवडींत न बसलेल्या शॉकली व अल्व्हारेझ यांना पुढें १९५६ व १९६८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आमच्या महाडजवळील नाते गांवीं १८९६ सालीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला व आय. सी. एस. परीक्षेंत पहिले आले. १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. बुद्धि खरीच, पण मुंबईच्या प्रश्नावर १९५६ सालीं त्यांनीं अर्थमंत्रिपद सोडलें, तें धैर्य कोणत्या अंकानें मोजावें?

म्हणून आमचें वडीलधाऱ्यांना सांगणें एवढेंच, कीं अंक पाहून मुलाला शिकविण्याची रीत बदलावी. त्याच्याविषयींची आशा सोडूं नये.