मेंदूतली गाठ काढली, मग रेडिएशन कशासाठी?

‘ऑपरेशन चांगले झाले, दिसणारी गाठ पूर्ण काढली,’ असे सर्जन सांगतात आणि पुढच्याच भेटीत रेडिएशनचा विषय निघतो. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात घरच्यांना हा प्रश्न हमखास पडतो. याचे उत्तर या पेशींच्या हालचालीत आहे.

पेशी कुठे जातात?

या पेशी एका जागी थांबत नाहीत. ऑक्सिजन कमी पडला की त्या दुसरीकडे सरकू लागतात. रक्तवाहिन्यांच्या कडेने आणि मेंदूच्या पांढऱ्या भागातील तंतूंच्या दिशेने त्या पसरतात. एमआरआयमध्ये पेशींचा दाट जमाव दिसतो. दूर गेलेल्या विरळ पेशी दिसत नाहीत. म्हणून स्कॅन स्वच्छ आला म्हणजे एकही पेशी उरली नाही, असे नव्हे.

गणित काय सांगते?

जेम्स मरे, क्रिस्टिन स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी हा प्रसार गणिताने मांडला. त्यात दोन आकडे मुख्य: पेशी किती वेगाने पसरतात आणि किती वेगाने वाढतात. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मॉडेलमध्ये पांढऱ्या भागातील प्रसाराचा दर करड्या भागाच्या पाचपट धरला होता. म्हणून गाठ चेंडूसारखी सगळीकडे सारखी वाढत नाही. शिवाय, स्कॅनवर सारख्याच आकाराच्या दोन गाठींपैकी जिच्या पेशी जास्त पसरतात पण सावकाश वाढतात, तिचा न दिसणारा भाग मोठा असतो.

उपचाराशी संबंध

याच कारणाने रेडिएशन गाठीच्या जागेसोबत भोवतीच्या साधारण दीड ते दोन सेंटिमीटर भागालाही देतात. तिथला मेंदू बोलणे, चालणे सांभाळत असतो, त्यामुळे तो सगळा कापून काढता येत नाही. नेहमीचा कोर्स सहा आठवड्यांत 30 वेळा असतो, सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या असतात. वयस्कर किंवा अशक्त रुग्णांसाठी तो कमी केला जातो.

हे लक्षात ठेवा

मॉडेल म्हणजे पत्रिका नव्हे. तुमच्या रुग्णाकडे किती दिवस आहेत, हे त्यावरून ठरवू नका.

• बरे वाटते म्हणून रेडिएशन मध्येच सोडू नका.
• ठरलेला एमआरआय चुकवू नका.
• वाढती डोकेदुखी, उलट्या, हातापायात अशक्तपणा, बोलण्यात किंवा वागण्यात बदल दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. फिट आल्यास लगेच रुग्णालयात न्या.