वीसचा पट आणि हातखंब्याची वाट

मुंबईहून गोव्याकडे जाणारी गाडी हातखंबा तिठ्यावर जरा मंदावते. रत्नागिरी शहरात जायचं तर इथून वळायचं. प्रवाशाला गाव दिसतं ते एवढंच. खरं गाव रस्त्यापासून आत, उतारांवर वाड्यावाड्यांत विखुरलेलं आहे. घाटावर गाव म्हणजे एकमेकांना चिकटलेली घरं. कोकणात दोन वाड्यांच्या मध्ये कातळाचा सडा असतो, नाहीतर पावसाळ्यात फुगणारा पऱ्या. कमी पटाच्या शाळांचा वाद समजून घ्यायचा तर आधी ही जमीन डोळ्यांपुढे हवी.

२०२३ मध्ये राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४,७८३ होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षण आयुक्तालयानं पानशेत आणि तोरणमाळच्या धर्तीवर ‘समूह शाळां’चे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. तेव्हापासून एक वाक्य पालकांच्या तोंडी पक्कं बसलं आहे: वीसपेक्षा कमी मुलं झाली की कायद्यानंच शाळा बंद होते.

कायदा असं म्हणत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा चालू ठेवण्यासाठी किमान पटाची अटच नाही. उलट त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ‘साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक’ असं लिहिलं आहे. साठपर्यंत म्हणजे त्यात सात मुलांची शाळाही आली. मग वीसचा आकडा आला कुठून? राज्याच्या २०११ च्या नियमांत तो आहे, पण नवी शाळा उघडण्याच्या संदर्भात. उघडण्याची अट हळूहळू बंद करण्याचा निकष म्हणून बोलली जाऊ लागली. त्यात १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरवणाऱ्या, शासन निर्णयानं वीसपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेत एक नियमित शिक्षक आणि त्याच्या जोडीला सेवानिवृत्त शिक्षक अशी रचना आणली. माझ्या मते खरा धोका इथे आहे. शाळेला कुलूप लावायला आदेश लागतोच असं नाही. एकच शिक्षक उरला आणि तो बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा माहिती भरायला गेला, की पालक स्वतःच दाखला काढून नेतात.

‘नवीन शैक्षणिक धोरणातच लहान शाळा बंद करायला सांगितलं आहे,’ हा दुसरा समज, आणि तो शिकलेल्या माणसांतही आढळतो. २०२० च्या धोरणानं लहान शाळांच्या अडचणी मांडल्या आहेत हे खरं. देशातल्या सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसहून कमी मुलं आहेत, ही २०१६-१७ ची आकडेवारी त्यातच आहे. पण शाळांचं एकत्रीकरण अतिशय विचारपूर्वक करावं आणि मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचण्यावर परिणाम होणार नसेल तरच करावं, हेही त्याच प्रकरणात आहे. धोरणातला ‘शाळा संकुल’ हा उपाय वेगळा आहे. एक माध्यमिक शाळा, पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरातल्या खालच्या वर्गांच्या शाळा आणि अंगणवाड्या यांनी ग्रंथालय, प्रयोगशाळा, खेळाचे आणि कलेचे शिक्षक वाटून घ्यायचे. तिथे शिक्षक आणि साधनं फिरतात. सहा वर्षांचं मूल आपल्या वाडीतच शिकतं.

आता अंतराचं बघू. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन, ही नियमांतली मर्यादा. नकाशावर एक किलोमीटर काहीच वाटत नाही. पण वाटेत साकव असेल, किंवा रस्ता ओलांडायचा आहे तो महामार्ग असेल, तर तेच अंतर वेगळं होतं. हातखंब्याच्या उतारावर गॅसचे टँकर उलटण्याचे प्रकार घडले आहेत. त्या कडेनं दप्तर घेतलेली पहिलीतली मुलगी चालायची आहे. दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव असलेल्या भागांत धोका टाळण्यासाठी अंतराची मर्यादा कमी करता येते, ही तरतूद नियमांत आहे. तिची आठवण कोकणात फार कमी लोक करून देतात.

‘बाई-गुरुजी शिकवत नाहीत म्हणून पट घसरला,’ हा आरोप तर सरसकट होतो. इंग्रजी माध्यमाची ओढ आहेच, पण रत्नागिरीत मुळात माणसंच कमी झाली. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ भरली. तरुण जोडपी मुंबई-पुण्याला गेली, त्यांची मुलं तिकडच्या शाळांत आहेत. त्याचा दोष वाडीवरच्या शिक्षकावर टाकणं अन्याय आहे.

पैसे वाचतात म्हणावं, तर शाळा बंद झाली तरी नियमित शिक्षकाचं समायोजन होतं, पगार सुरूच राहतो, वर मुलांच्या वाहतुकीचा खर्च येतो.

चार मुलांच्या वर्गात खेळायला गडी मिळत नाहीत, एकाच शिक्षकाला पाच इयत्ता सांभाळाव्या लागतात, हे मी नाकारत नाही. काही ठिकाणी पालकांनाच मोठी शाळा हवी असेल, तर ती त्यांना जरूर मिळावी. पण ते त्यांना विचारून ठरावं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, हे कायद्यानंच ठरवून दिलं आहे. तुमच्या वाडीच्या शाळेचा प्रस्ताव आला, तर समितीची सभा लावा, दोन शिक्षकांची तरतूद वाचून दाखवा, आणि साहेबांना म्हणा, अंतर मोजायचंय ना, मग जुलैत या आणि मुलांबरोबर चालत मोजा.