जिन्याखालचा गाळा

घर विकत घ्यावे की भाड्याने राहावे, या प्रश्नावर ज्याचे ठाम मत नाही असा मनुष्य मुंबईत शोधून काढणे दुर्घटच. परंतु ज्याचा चरितार्थच या प्रश्नावर चालतो तो घरांचा दलाल मात्र, हाच प्रश्न त्याला सरळ विचारला असता, काही वेळ गप्प बसतो असा माझा अनुभव आहे. गिरगावात ठाकूरद्वारच्या नाक्यापासून थोडे आत, एका जुन्या चाळीच्या जिन्याखाली ज्यांचा गाळा आहे आणि वडिलांच्या वेळेपासून ज्यांच्याकडे हा धंदा चालत आला आहे, अशा एका दलालांच्या बाकावर बसून मी गेल्या पावसाळ्यातल्या पुष्कळ दुपारी काढल्या. गाळ्यात दोन खुर्च्या, तो बाक, महारेराचा नोंदणी क्रमांक लिहिलेली पाटी आणि तिच्याशेजारी खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या. प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर घराचा पत्ता नव्हे, तर मालकाची अट : ‘फॅमिली’, ‘बँकवाले चालतील’, ‘गणपतीनंतर’.

येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते ‘पार्टी’ म्हणतात. पार्टी बाकावर टेकते न टेकते तोच हवा, उजेड, पाण्याची वेळ आणि लिफ्ट यांविषयी बोलू लागते, आणि ते सर्व शांतपणे ऐकून घेतल्यावर दलाल एवढेच विचारतात, “राहायचं किती वर्षं, आणि हातात कागद कुठला हवाय? भिंती मग दाखवतो.”

असेच एक नवपरिणीत जोडपे, मुलाच्या वडिलांसह, एका दुपारी आले होते. ‘भाडे म्हणजे पाण्यात घातलेला पैसा’ हे वडिलांचे सूत्र, आणि त्या सूत्राबरहुकूम मुलाने दोन कोटींची सदनिका घ्यावी असा त्यांचा आग्रह. दलालांनी लग्नाच्या एका जुन्या आमंत्रणपत्रिकेची पाठ पुढे ओढली. असल्या सदनिकेचे मासिक भाडे या भागात पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सहा लाख, किमतीच्या तीन टक्के. उलट दीड कोटीचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी काढले तर मासिक हप्ता १ लाख ३० हजारांचा, आणि पहिल्या हप्त्यातले १ लाख ६ हजार तर निव्वळ व्याजाचे. मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे बारा लाख. पत्नीच्या एकटीच्या नावे खरेदीखत केले तर एक टक्का सवलत. नोंदणीचे तीस हजार वेगळे. “काका, हेही भाडंच. फक्त घरमालक बँक,” असे म्हणून त्यांनी पत्रिका वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती उलटून ज्यांचे लग्न होऊन गेले त्यांची नावे वाचली आणि आकड्यांविषयी चकार शब्द काढला नाही.

इतके झाल्यावर दलाल भाड्याच्या बाजूने कौल देतील अशी माझी अटकळ होती. पण त्यांनी तसे काही केले नाही. हिशोबाने माणूस घर घेत नाही हे त्यांना पुरते ठाऊक आहे. भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा अकरा महिन्यांचा. मुदत सरली की मालकाचा मुलगा परदेशातून यायचा असतो, किंवा भाड्यात दहा टक्के वाढ हवी असते, आणि मध्येच मुलाच्या शाळेचे वर्ष अडकलेले असते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने असा करार लेखी आणि नोंदलेला असणे बंधनकारक केले आहे, आणि मुदतीनंतर जागा परत मिळवण्याची सोपी वाटही मालकाला दिली आहे. राहणाऱ्याच्या पदरी मात्र वापराची परवानगी तेवढी, कुळाचा हक्क नाही. ही नोंदणी आता घरबसल्या होते : पोरसवदा कारकून लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन येतो. एका वृद्ध घरमालकिणीचे अंगठे आयुष्यभराच्या धुण्याभांड्यांनी इतके गुळगुळीत झाले होते की यंत्र त्यांची ओळखच पटवून घेईना. कारकुनाने कधी तेल, कधी ओला रुमाल असे उपचार करीत दहाही बोटे पारखली, तेव्हा कुठे एक करंगळी सरकारदरबारी मान्य झाली.

अकरा महिन्यांपलीकडे जागा न देण्याइतका मालक भाडेकरूला का भितो, हे समजून घ्यायचे तर मागे जावे लागते, आणि या विषयावर आमच्या दलालांची वाणी खुलते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत आणि फाळणीच्या लोंढ्यात तो कायदा आवश्यकच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला तो पाहुणा मुदतवाढींवर मुदतवाढी घेत अर्धशतक मुक्काम करून राहिला. भाडे वाढेना, कूळ हलेना. मग ज्यांनी घरे बांधली असती त्यांनी ती भाड्याने देण्यासाठी बांधणे सोडले, आणि ज्यांच्याकडे रिकामी घरे होती त्यांनी त्यांना कुलपे घातली. मधल्या फटीतून उगवली ती पागडी.

पागडीच्या खोलीत राहणारा मनुष्य मालकही नव्हे आणि भाडेकरूही नव्हे. दरमहा तो शेदोनशे रुपयांची भाडेपावती फाडून घेतो. खोली सोडताना मात्र तिचा हक्क लाखांना विकतो, त्यातला बहुधा तिसरा हिस्सा घरमालक घेतो आणि नव्या माणसाच्या नावे पावती फाडतो. हिश्श्याचे प्रमाण कायद्यात नाही, वहिवाटीत आहे, आणि मालक अडून बसला तर ते पुष्कळ वर चढते. ही रक्कम घेणे पूर्वी गुन्हा होता, म्हणून सारा व्यवहार रोकडीत आणि विश्वासावर चाले. आपल्या वडिलांच्या वेळी दलालाचा शब्द हाच दस्त होता, असे आमचे दलाल सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती नसावी. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या त्या १९९९ च्या कायद्याने पागडी घेणे आणि देणे वैध ठरवले, तेव्हापासून कागद होऊ लागले.

त्यांच्याबरोबर मी अशी एक खोली पाहायला गेलो. लाकडी जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या, कठड्याला सुतळीने बांधलेला बांबू, समाईक संडास गॅलरीच्या टोकाला. दलालांनी फीत लावून खोली मापली, पोटमाळ्याचे माप वेगळे लिहिले, आणि मग मालकाचे नाव, पावती कोणाच्या नावावर, विजेचे बिल कोणाच्या, इमारत उपकरप्राप्त (सरकारी दुरुस्ती-उपकर भरणारी) आहे काय, एवढे प्रश्न विचारून ते खाली उतरले. खोलीकडे असे त्यांनी पाहिलेच नाही म्हणा ना. १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास झाला तर कुळाला निदान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राची मालकीची सदनिका मिळते, आणि खरेदीदार पैसे मोजतो ते या आशेचे. आशा फळाला येईपर्यंत कित्येकांची हयात संक्रमण शिबिरात सरते, हे सांगायला मात्र ते विसरत नाहीत. विकासकाने तात्पुरत्या निवाऱ्याचे भाडे किती महिन्यांचे आगाऊ दिले, हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

मग निखळ मालकी तरी कुठे असते? पुष्कळ सोसायट्यांत सभासदाजवळ नोंदलेले खरेदीखत असते, इंडेक्स टू असतो, भागपत्र असते, आणि इमारतीखालची जमीन मात्र मिळकत पत्रिकेवर अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावे असते. सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत या जमिनीचे सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण व्हावे, असा १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याखालचा नियम. तो इतका मोडला गेला की २००८ साली, बिल्डर अडून बसला तरी होणाऱ्या, मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. तेव्हा भाडे आणि मालकी ही दोन टोके लोकांच्या बोलण्यात असतात, गिरगावातली बहुतेक माणसे त्यांच्या दरम्यान कुठेतरी राहतात, आणि दलाल त्या दरम्यानचा कारभारी असतो.

या कारभाराचा एक भाग मला पाहवला नाही. चिठ्ठीवर जे लिहिलेले असते त्याहून न लिहिलेले अधिक. आडनाव ऐकून, आहार विचारून, एकटी राहणारी मुलगी पाहून “ती जागा गेली हो” असे जेव्हा ते सांगत, तेव्हा ती किल्ली माझ्यासमोर खिळ्यावर लोंबत असे. मी विचारले तेव्हा “अट मालकाची, मी फक्त निरोप्या,” असे ते म्हणाले. तो निरोप ते फार सराईतपणे पोचवीत, आणि ज्याला तो मिळे त्याला निरोप्या आणि मालक यांतला भेद करण्याचे कारण नव्हते.

व्यवहार जुळला की धंद्याचा सर्वांत अवघड प्रहर सुरू होतो, तो दलालीच्या वसुलीचा. भाड्याच्या घरासाठी एकेका बाजूकडून एका महिन्याचे भाडे, खरेदीत एक ते दोन टक्के, असा रिवाज; दोन्ही बाजू एकाच दलालाच्या असल्या तर त्याची दिवाळी. परंतु इसार देईपर्यंत ज्यांना दलालांवाचून पाऊल उचलवत नव्हते, त्यांना दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून बाहेर पडताच दलालांनी केले काय याचा विसर पडतो. त्या दुपारचे जोडपे शेवटी वडिलांच्याच मर्जीप्रमाणे खरेदीला आले, आणि दलालीच्या दिवशी वडील म्हणाले, “अहो, घर तर आम्हीच पसंत केलं!” दलालांनी वाद घातला नाही. सोसायटीचा ना हरकत दाखला, मागच्या मालकाच्या कर्जाचा बोजा उतरल्याचे बँकेचे पत्र आणि भोगवटा प्रमाणपत्राची नक्कल त्यांनी एकेक करून टेबलावर मांडली, ती मिळवायला ज्या कचेऱ्यांत जावे लागले त्यांची नावे घेतली, आणि दीड टक्क्यावरून सव्वा टक्क्यावर येत चेक घेतला. चेक खिशात घालीपर्यंत दारात पुढली पार्टी छत्री मिटीत उभी होती. तिला दोन खोल्या हव्या होत्या, भाड्याने, आणि गणपतीआधी.